तीन सूत म्हणजे किती?

इंजिनिअरिंग कॉलेजात टी.ए.ची नोकरी लागली, असं मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "टी.ए. मिळाला ते चांगलंच झालं, पण डी.ए.चं काय?"

आख्खी नोकरी रेल्वेत काढलेला माणूस. त्यांच्या लेखी टी.ए. म्हणजे प्रवासभत्ता. आपली बायको भत्ता कशी काय होऊ शकते, हे त्यांना कळेना. टी.ए. म्हणजे टीचिंग असिस्टंट, शिकवणाऱ्याच्या हाताखालचं माणूस, असं मी फोड करून सांगितलं. तर म्हणाले, "म्हणजे अंगणवाडीत मदतनीस बाई असते तसं?"

मी दोन दिवस बोलले नाही. आता चौसष्टाव्या वर्षी कबूल करते, त्यांचं बरोबर होतं. फरक इतकाच, की अंगणवाडीतली मुलं खिचडी खाऊन झोपतात आणि आमची हजेरी झाली की झोपायची.

काम काय असतं ते आधी सांगते. आमच्या सुरतेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला 'इंजिनिअरिंग डिझाइन' नावाचा विषय होता. पाच-पाच मुलांचे गट करायचे. प्रत्येक गटाने एक खराखुरा माणूस शोधायचा, ज्याला रोजच्या कामात काहीतरी अडचण आहे. त्याच्या घरी किंवा कामावर जाऊन बसायचं, बघायचं, मापं घ्यायची. मग पुठ्ठ्याचा नमुना, मग ड्रॉइंग, आणि शेवटी वर्कशॉपमध्ये खरी वस्तू. वर्षाच्या अखेरीला तो माणूस कॉलेजात येणार आणि सगळ्यांसमोर ती वस्तू पाच मिनिटं वापरणार. पाच मिनिटं चालली तर पास. नाही चालली तर त्या गटाचं दुसऱ्या वर्षात जाणं अडलं.

यात प्रोफेसर शिकवतात आणि टी.ए. निस्तरते. आमचे देसाईसर वर्गात सांगायचे, "वापरणाऱ्याच्या जागी उभे राहून विचार करा." मग तास संपला की साठ मुलं माझ्याभोवती. "मॅम, उभं कुठे राहायचं?"

पुठ्ठा कापताना बोट कापलं तर पट्टी मी बांधायची. गटातल्या गटात भांडण झालं तर मी सोडवायचं. 'आमच्यातला तो काही करत नाही' ही तक्रार पाचही जण एकमेकांबद्दल करत, तीही मी ऐकायची. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे ड्रॉइंग तपासणं. माझ्या सहीशिवाय एकही ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये जात नसे. या एका सहीने माझं डोकं पार फिरवून टाकलं होतं.

त्याआधी मी उधन्याकडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढत होते. तिथे कापडाच्या यंत्रांचे सुटे भाग बनत. आधी फळ्यावर, टी-स्क्वेअर लावून, मग कॉम्प्युटरवर. पुढे मालकाच्या मुलांना यंत्रांपेक्षा फ्लॅट बांधण्यात गोडी वाटू लागली आणि आम्ही सगळे घरी आलो. कॉलेजात लागले तेव्हा मी अवघी एक्कावन्न वर्षांची होते. फार वाईट वय. विशीतल्या माणसाला आपल्याला सगळं कळतं असं नुसतं वाटत असतं. एक्कावन्नाव्या वर्षी त्याच्याकडे पुरावेही असतात. ती बाई (मी तिला आता 'मी' म्हणायला जरा कचरते) गळ्यात चष्म्याची साखळी अडकवून, हातात लाल पेन घेऊन ड्रॉइंग हॉलमध्ये अशी फिरायची, की जणू चाकाचा शोध लागला तेव्हा तपासणीला हीच होती.

मुलं मात्र गोड. लबाड, पण गोड. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाला ड्रोन करायचा असतो. आजीला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही? ड्रोन. वॉचमनकाकांना उन्हात उभं राहावं लागतं? ड्रोन, छत्री धरलेला. एका गटाने तर भाजीवालीसाठी ड्रोन काढला होता. मी विचारलं, "तो करणार काय?" म्हणाले, "मॅम, ते अजून नक्की नाही, पण वरून करेल."

एकाने 'माझी काकी, राहणार वराछा, हिला वाकून भांडी घासावी लागतात' असं लिहून काकीचा फोटो जोडला होता. फोटोतली काकी सोनेरी केसांची, आणि मागच्या खिडकीतून बाहेर भुरभुर बर्फ पडत होता.

"ही तुझी सख्खी काकी?"

"हो मॅम."

"वराछ्यात बर्फ कधी पडला रे?"

त्याने फोटोकडे नीट पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच. मग म्हणाला, "मॅम, त्यांचा एसी फार जोरात असतो."

मी त्याला उत्तरासाठी पैकीच्या पैकी द्यायला निघाले होते. देसाईसरांनी अडवलं.

पण आज लिहायला बसले आहे ते या मुलांच्या गमती सांगायला नव्हे. त्या त्यांच्या त्यांनी सांगाव्यात. मला सांगायची आहे ती लाल पेनवाल्या बाईची गंमत.

माझ्या दुसऱ्याच वर्षी एका गटात मनीषा नावाची मुलगी होती. कोसाडला राहणारी, आई-वडील धुळ्याकडचे. बोलायची कमी, वहीत लिहायची भरपूर. त्याच गटात हर्षिल नावाचा एक सुरती मुलगा होता, त्याचं बरोबर उलटं. गटाने माणूस निवडला तो मनीषाची सुमनमावशी. ती कोसाडलाच घरी बसून बॉबिन भरायची. तीन रिळांवरचे तीन धागे एकत्र करून, छोट्या मोटरवर एका बॉबिनवर गुंडाळायचे. असे तीनपदरी धागे एम्ब्रॉयडरीला लागतात. धागे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून ते बोटांमधून सोडावे लागतात. पॉलिस्टरचा धागा, मोटरचा वेग, आणि मध्ये माणसाचं बोट. मावशीच्या तर्जनीला अशा चिरा पडल्या होत्या की ती सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटात अंगठीसारखा घालून बसायची. रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट टेकवलं की यंत्र म्हणायचं, ही बाई ती नव्हे.

मुलांचा विचार साधा होता. टेबलावर एक स्टँड, त्यावर उभी पत्र्याची पट्टी, पट्टीला एक भोक. तीनही धागे त्या भोकातून जातील, बोट मध्ये येणारच नाही. ड्रोन नाही, सेन्सर नाही. मी मनात म्हटलं, ही पोरं पुढे जाणार.

टी.ए.ने एकदा तरी मुलांबरोबर त्या माणसाच्या घरी जावं असा नियम होता. मनीषा विचारायला आली, "मॅम, रविवारी येता का? मावशीने तुमच्यासाठी कळण्याची भाकरी करायची ठरवलीय."

मी म्हटलं, "अगं, मी लिंबायतच्या गल्लीत वाढले. माझे वडील लूमवर होते. बॉबिन आणि रिळं मला काय दाखवतेस?"

गेले नाही. भाकरीही गेली.

दोन आठवड्यांनी त्यांचं कच्चं ड्रॉइंग माझ्या टेबलावर आलं. रेषा सुरेख, तिन्ही बाजूंची चित्रं जागच्या जागी. फक्त त्या भोकावर एक बाण काढून मनीषाने लिहिलं होतं: '३ सूत'.

आता इथे बाहेरच्यांसाठी थांबायला हवं. सुतारकामात, फॅब्रिकेशनमध्ये जुने मिस्त्री अजून इंचात बोलतात, आणि इंचाचे आठ भाग करून एकेका भागाला सूत म्हणतात. तीन सूत म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश, साडेनऊ मिलिमीटर. ड्रॉइंगमध्ये मात्र सगळं मिलिमीटरमध्येच हवं. कॉलेजातली मुलगी सूत लिहिते म्हणजे हिने वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला विचारून माप टाकलं, असं मी ठरवून टाकलं. आणि त्या दिवशी माझं भाषण झालं. अर्धा तास, उभ्याने.

"सूत! कोणत्या जमान्यात आहात? उद्या हात आणि वीत लिहाल! मला काय, मी कारखान्यात दिवस काढलेत, मला सूत कळतं. पण ड्रॉइंग वाचणाऱ्याला नको कळायला?"

मनीषा म्हणाली, "मॅम, ते सूत म्हणजे..."

"सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लिहून घे."

तिने लिहून घेतलं. हर्षिलनेही लिहून घेतलं, आणि त्याने याआधी वर्षभरात काहीही लिहून घेतलेलं नव्हतं. मी लाल पेनने '३ सूत' खोडलं, '९.५ मि.मी.' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये गेलं. तिथले मिस्त्री रामसूरत. उत्तर प्रदेशातले, आईबापांनी नाव ठेवतानाच गाव ठरवून टाकलं होतं. त्यांनी ड्रॉइंग पाहिलं आणि मला बोलावणं पाठवलं.

"मैडमजी, धागे के लिए इतना बड़ा छेद?"

"ड्रॉइंगमध्ये काय लिहिलंय?"

"साढ़े नौ।"

"सही कोणाची आहे?"

"आपकी।"

"मग?"

रामसूरतनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे पाहिलं, चष्मा परत खाली आणला आणि ड्रिल सुरू केलं. त्या माणसाने मला सुटकेची संधी दिली होती. मी तीही लाल पेनने खोडली.

चाचणीचा दिवस आला. हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलाशी एक गट आणि त्यांचा माणूस. कोणाचे आजोबा, कोणाच्या सोसायटीतला इस्त्रीवाला, आणि एक खरीखुरी काकी, बिनबर्फाची. सुमनमावशी नव्या घडीची साडी नेसून, पिशवीत तीन रिळं घेऊन आली होती. तिची मोटर हर्षिलने रिक्षात मांडीवर धरून आणली होती. मनीषाने मावशीला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. तिचे हात ओढणीत गुंडाळलेले होते. सकाळीच ती मला म्हणाली होती, "मॅम, गणितात पहिल्या सेमिस्टरला राहिले होते. यातही राहिले तर घरी बसायचं, असं ठरलंय घरात." तिच्या आवाजात रडबिड काही नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं तिने.

देसाईसर घड्याळ घेऊन समोर आले. मावशीने तीनही धागे पट्टीतून ओवले, बॉबिनला बांधले, मोटर चालू केली.

पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्या मिनिटाला धाग्यांच्या लक्षात आलं की इथे ऐसपैस जागा आहे. मग एक डावीकडे पळाला, एक वर उडाला, तिसरा त्या दोघांच्या अंगाभोवती फुगडी घालू लागला. मोटरने एक घरघराट केला आणि बॉबिनवर चिमणीच्या घरट्यासारखा गुंता जमला. मावशीने सवयीने बोट घालून तो सोडवला, आणि बोटावर लाल रेघ उमटली.

तिने मोटर बंद केली. पट्टीशी डोळा नेला. मग डोळा मागे घेऊन सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात अहिराणीत विचारलं, "हाई भोक शे का बोगदा? याम्हाईन ते हत्ती निंघी जाई!"

हॉल हसला. हर्षिलही हसला, मग आपण याच गटात आहोत हे आठवून थांबला.

देसाईसरांनी गुजराती-मराठीची त्यांची ठेवणीतली खिचडी काढली. "मनीषा, आ भोकनुं माप कोणी नक्की केलं?"

मनीषाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आम्हीच, सर."

मावशी खवळली. "अव्वा! तुले मी काय सांगेल व्हतं? तीन सूत जाई इतलंच भोक ठेव, आसं सांगेल व्हतं का नई?"

तीन सूत जाईल एवढंच.

मी तिथे उभी होते, आणि माझ्या डोक्यात जो उजेड पडला तो अख्ख्या सुरतेला पुरला असता. सूत! धागा! सगळं सुरत 'यार्न' म्हणतं, पण धुळ्याहून आलेली ही बाई अजून सूतच म्हणते. माझी आईही म्हणायची. मुलांनी विचारलं, भोक केवढं हवं. मावशीने सांगितलं, तीन धागे जातील एवढं. मनीषाने प्रामाणिकपणे तेच लिहिलं. आणि ज्या बाईच्या बापाने जन्मभर सूत हाताळलं, त्या बाईला सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग!

असं का झालं तेही सांगून टाकते, म्हणजे एकदाच काय ते हसून घ्या. एकविसाव्या वर्षी मी उधन्याच्या कारखान्यात लागले, तिथे मी एकटीच मुलगी. पहिल्या आठवड्यात एक म्हातारे मिस्त्री यंत्राच्या पायाशी वाकून म्हणाले, "बहनजी, यहाँ तीन सूत डालना पड़ेगा।" पायाखाली तीन सुतांची लोखंडी चकती घालावी लागेल, असं ते सांगत होते. मी दुसऱ्या दिवशी घरून सुताचे तीन धागे आणले, कागदाच्या पुडीत, आणि वर सांगितलं, "रंग कोणता हवा ते बोलला नाहीत, म्हणून पांढरे आणले." पुढे कित्येक दिवस मी त्या कारखान्यात 'सूतवाली बहनजी' होते. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी माझ्या डब्याला दोरा बांधून ठेवायचं. तेव्हा मी हट्टाने ते कारखान्याचं सूत शिकले, असं पक्कं शिकले की घरातलं सूत डोक्यातून हाकलूनच दिलं.

आणि मग तीस वर्षांनी एका पोरीचं बोलणं अर्ध्यावर तोडून तिला तेच शिकवलं.

देसाईसर कागद पुढे ओढून म्हणाले, "नियम तुम्हाला माहीत आहे. डिझाइनमां मुलांची भूल असेल, तर हा विषय पुढच्या वर्षी पुन्हा. भूल आमची असेल, म्हणजे तपासणारानी किंवा वर्कशॉपनी, तर पाच वाजेपर्यंत दुरुस्तीला वेळ. मला फक्त इथे लिहायचंय, भूल कोणाची." आणि पेन कागदावर टेकवून थांबले.

थोर माणसं अशा वेळी ताडकन पुढे होतात असं म्हणतात. मी झाले नाही. माझ्या मनात जे विचार आले ते क्रमाने देते. पहिला: भोक तर रामसूरतनी पाडलं. दुसरा: मुलीने तेव्हा स्पष्ट बोलायला हवं होतं. तिसरा: मुळात नुसतं '३ सूत' लिहिणं चूकच, आकडा हवाच; म्हणजे माझं तत्त्वतः बरोबर होतं. हा तिसरा मला फारच आवडला. त्याच्यावर मी चांगली दहा-बारा सेकंदं काढली.

दाराशी रामसूरत उभे होते. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होते, आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसत होते. आणि मनीषा मावशीच्या बोटाला स्वतःची ओढणी गुंडाळत हळूच सांगत होती, "मावशी, चूक मनी शे. तू नको बोलू." चूक स्वतःची म्हणून मला वाचवत होती ती. मी तिला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

"सर, ते माप माझं आहे," मी म्हटलं. पण इतक्या हळू, की ते फक्त माझ्याच कानांना कळलं.

"शूं?" देसाईसरांना जरा कमी ऐकू यायचं.

"माप! माझं!"

"कोनुं?"

"अहो माझं! माझं! नऊ पॉइंट पाच मी लिहिलं! मुलीने बरोबर लिहिलं होतं, मी खोडलं!"

आता ते इस्त्रीवाल्यापासून काकीपर्यंत सगळ्यांना कळलं. अर्ध्या कबुलीत भागत नाही असं म्हणतात. मला तीनदा द्यावी लागली.

सरांनी शांतपणे लिहून घेतलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. "पाच वाजेपर्यंत."

तेव्हा साडेतीन झाले होते. रामसूरत पुढे आले. भोक वेल्डिंगने भरायचं तर पातळ पत्रा वाकडा होणार. नवी पट्टी कापायची तर कापायच्या मशिनवर दुसऱ्या दोन गटांची रांग. हर्षिलने सुचवलं, भोकात च्युइंगम भरू आणि सुईने टोचू. पाच डोकी, एक मिस्त्री, एक अनुभवी टी.ए., सगळे त्या बोगद्यात बघत उभे.

सुमनमावशी मात्र हर्षिलकडे बघत होती. टक लावून, शर्टाकडे. तो बिचारा संकोचला.

"पोरा, इकडे ये," ती म्हणाली. तो जवळ आला. तिने त्याच्या शर्टाचं खालून दुसरं बटण चिमटीत धरलं आणि एका हिसक्यात तोडलं.

"मॅम! नवा शर्ट!"

"गप रे," मावशी म्हणाली, आणि बटण पट्टीवरच्या भोकावर ठेवलं. चपखल! बटण भोकाहून जेमतेम मोठं, चहूबाजूंनी टेकलेलं. त्याला चार बारीक, गुळगुळीत छिद्रं. तीन धाग्यांना तीन. आता तिन्ही एकत्र यायचा प्रश्नच नव्हता, प्रत्येकाला आपापलं दार.

मनीषा आधी बघत राहिली, मग तिने एकदम वही काढून मापं घेतली. बटण अकरा मिलिमीटर, छिद्रं दीड-दीड. गोंदाचे चार थेंब लावून रामसूरतनी ते बसवलं आणि बोटाने दाबून धरून म्हणाले, "साढ़े नौ का छेद था, इसलिए बैठा। छोटा होता तो बटन का खयाल ही नहीं आता।" माझी बाजू घेणारा त्या दिवशी तेवढा एकच माणूस निघाला, आणि तोही तोच, ज्याचं मी ऐकलं नव्हतं.

साडेचारला मोटर पुन्हा सुरू झाली. पाच मिनिटं म्हणजे किती लांब असतात हे ज्याने दूध उतू जाताना गॅसशी उभं राहून पाहिलंय त्यालाच कळेल. एक मिनिट. दोन. धागे सरळ रेषेत, एकमेकांना न शिवता, पुढे जाऊन बॉबिनवर एक होत होते. मावशीने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. तिसऱ्या मिनिटाला सवयीने तिचं बोट उचललं गेलं, तिने ते बघितलं आणि परत मांडीवर ठेवलं. पाचव्या मिनिटाला सरांनी घड्याळ बंद केलं तरी ती मोटर बंद करीना.

"मावशी, झालं," मनीषा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. बॉबिन भरी जाऊ दे," मावशी म्हणाली. "अर्धं काम काय टाकानं?"

पास झाले. फार भारी गुण मिळाले नाहीत, पण मनीषा पुढच्या वर्षात गेली, आणि तिने घरी बसायचं जे ठरलं होतं ते नुसतं ठरलेलंच राहिलं. हर्षिल उरलेला वेळ पोटाशी वही धरून फिरला.

निघताना मावशी माझ्यापाशी आली. आधीचं बोलणं सगळं ऐकलेलंच होतं तिने. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "बाई, तू मराठी दिसस. कोनी पोर?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, लिंबायतची गल्ली सांगितली, लूमवर होते असं सांगितलं.

"लूमवाल्यानी पोर," ती म्हणाली. "आनि तुले सूत नई समजनं?"

मी फक्त विचारलं, "तुमच्याकडे भाकरी कधी करणार?" पुढच्या रविवारी गेले. खाल्ली. पण ज्या रविवारी जायचं होतं तो काही परत मिळाला नाही, आणि आपण ज्या घरातून आलो तिथलं सगळं आपल्याला ठाऊकच असतं, ही समजूतही त्या दिवशी तिथेच सोडून आले. तिच्या जमिनीवर तासभर बसले तर मला माहीत नसलेल्या निदान दहा गोष्टी निघाल्या.

पण चाचणीच्या दिवशीचं एक काम सांगायचं राहिलं. वस्तू बदलली की ड्रॉइंगही बदलावं लागतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात त्यासाठी एक लहान चौकट असते. तिच्यात लिहायचं: काय बदललं, का बदललं, आणि शेवटी तपासणाऱ्याची व मंजूर करणाऱ्याची सही. कागद कायमचा फाइलला लागतो, म्हणून तिथे खोटं लिहायचं नसतं.

सगळे गेल्यावर मनीषा ती चौकट भरायला बसली. 'काय बदललं' मध्ये तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'भोकावर चार छिद्रांचे बटण बसवले.' मग 'कारण' या रकान्यापाशी थांबली. माझ्याकडे चोरून पाहिलं. आणि लिहिलं: 'काही अपरिहार्य कारणास्तव.'

हे शब्द ती कुठे शिकली देव जाणे. लग्न पुढे ढकलताना आणि मंत्री येणार नसताना वापरतात ते.

मी कागद माझ्याकडे ओढला, ती ओळ खोडली आणि तिच्या खाली लिहिलं: 'तपासणाऱ्या बाईंना मराठी येत नव्हते.' शेजारी सही केली, नेहमीपेक्षा जरा लहान.

मनीषा तोंडावर हात धरून हसायला लागली. मी कागद घेऊन देसाईसरांच्या केबिनमध्ये गेले. ते एकेक अक्षर जुळवत मराठी वाचायचे. कारण वाचायला त्यांना बराच वेळ लागला. पहिल्यांदा वाचलं, चष्मा नीट केला, पुन्हा वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, बेन, असं ड्रॉइंगवर लिहीत नाहीत.

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि माझ्या सहीच्या खाली, ठसठशीत अक्षरात, एकच शब्द लिहिला: 'मंजूर.'